वकीलसाहेबांची कंबर

टेलर मास्तर माप घेताना एक आकडा मोठ्याने सांगत आणि वहीत दुसराच लिहीत. कंबर भरायची एक्केचाळीस, मास्तर खणखणीत आवाजात सांगायचे छत्तीस, आणि वहीत गुपचूप एक्केचाळीस मांडायचे. कपडा वहीप्रमाणे शिवला जाई, गिऱ्हाईक आवाजावर खूश होई. आता ह्याला कुणी खोटं म्हणेल तर म्हणो बापडा. पण माणसाला स्वतःची पाठ दिसू नये अशी सोय देवाने केली, ती काही विसरून नव्हे. मास्तर त्या सोयीला आपला एक टाका घालत होते, एवढंच.

समोर तयार कपड्यांचं झगझगीत दुकान निघालं, तशी सूनबाईने कंबर कसली. आपण आठवण ठेवतो हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. दोन महिने खपून तिने अख्खी मापाची वही कॉम्प्युटरवर चढवली. ज्याचा वाढदिवस, त्याच्या मोबाइलवर शुभेच्छा. खाली ‘आपली मापं आम्ही जपून ठेवली आहेत’ असं लिहून ती सगळी मापं.

पहिला निरोप गेला वकीलसाहेबांना.

वकीलसाहेब म्हणजे तीस वर्षांचं गिऱ्हाईक. ते, त्यांचे दोघे मुलगे आणि हाताखालचे पाच वकील, सगळ्यांचे काळे कोट इथलेच. ते गेले की अर्धं दुकान गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात उभे राहिले. काखेत कोटाचं कापड होतं आणि ते काही खाली ठेवेनात. त्यांनी मोबाइल काढून निरोप सावकाश वाचून दाखवला आणि एक्केचाळीसवर थांबले.

मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या ओठांतच राहिल्या. सूनबाई भाबडेपणाने म्हणाली, वहीत होतं तेच टाकलंय की. कॉम्प्युटरवर ढकलून मोकळं व्हावं, असं मास्तरांच्या मनात आलं. पण पोरीचे दोन महिने डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी एकेक टाचणी काढली आणि देवाचं नाव घेतलं.

“साहेब, हिची चूक नाही. तीस वर्षं मीच तुम्हाला कमी सांगत आलो.”

“ते मला ठाऊक नाही होय? आमच्या घरी टेप आहे, आणि टेपपेक्षा कडक बायको आहे.” वकीलसाहेबांचा आवाज उतरला. “पण मास्तर, साऱ्या गावात एवढं एकच दुकान होतं, जिथे मी छत्तीस होतो.”

ते वळले. रस्त्यापलीकडे काचेचा दरवाजा आपोआप उघडत-मिटत होता.

सूनबाईने सासऱ्यांच्या गळ्यातला टेप ओढला. “काका, हात वर करा बघू. नवा कोट नव्या मापाने.”

वकीलसाहेबांनी सवयीने हात वर केले, पोट आत ओढलं आणि छताकडे पाहत श्वास धरला. तिने टेप लावला, चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिलं.

“सदतीस.”



“सदतीस?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“साठीनंतर एखादा इंच वाढणारच, काका. मन राखायला म्हणून मी कमी सांगणार नाही.”

वकीलसाहेबांनी समोरच्याचा पुरावा मान्य करावा तशी मान हलवली, आणि कापड टेबलावर ठेवलं. मास्तर बघतच राहिले. तो एक इंच तीस वर्षांत त्यांना सुचला नव्हता.

सूनबाईने पाठ वळवून कॉम्प्युटरवर बेचाळीस टाकलं.