तिसऱ्या 'नको'नंतर

मित्रांनो, मी एक जुनं लाटणं आहे. तुमच्या घरातल्या लाटण्यासारखं गुळगुळीत मात्र नाही. माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक खाचा आहेत आणि दोन्ही बाजूंना मुठी आहेत. सध्या मी सिअॅटल शहरातल्या एका भिंतीवर शोभेसाठी टांगलेली असते. पाहुणे येतात, माझ्या खाचांवरून बोट फिरवतात, "किती छान!" म्हणतात आणि मग गुपचूप बोट पुसतात, कारण माझ्यावर धूळ असते. धुळीचं मला काही वाटत नाही. मला आठवण येते ती दोन हातांची.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका लहान गावी झाला. तिथली बहुतेक माणसं नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं. थोरा नावाच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या हिवाळ्यात तिच्या वडिलांनी भूर्जाचं लाकूड घेतलं आणि गाईंचं दूध काढून झालं की गोठ्यातच बसून माझ्या अंगावर एकेक खाच पाडली. खाच खोल झाली तर पोळी फाटते आणि उथळ झाली तर पीठ चिकटतं, असं ते स्वतःशीच पुटपुटत. गाईंच्या श्वासांची ऊब आणि त्यांचं ते पुटपुटणं, ही माझी पहिली आठवण.

त्या गावात नाताळच्या आधी लेफ्से करतात. लेफ्से म्हणजे बटाट्याची पोळी. उकडलेल्या बटाट्यात लोणी, साय आणि मैदा मळायचा आणि अशी पातळ पोळी लाटायची की उचलली तर हातावर रुमालासारखी पडावी. त्यासाठी सगळ्या बायका चर्चच्या तळघरात जमत. एकीने लाटायचं, एकीने लांब लाकडी पट्टीने तव्यावर उलटायचं, एकीने घड्या घालायच्या. लाटणारीचा मान मोठा. तो मान थोराचा होता, म्हणजे माझाही होता. तव्यावर असायची आल्मा. थोराच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे राहणारी तिची लहानपणापासूनची मैत्रीण.

"थोरा, जरा जाड लाट गं," आल्मा ओरडायची. "तव्यावर काही आहे की नाही, कळू दे तरी मला!"

"तुझा तवा थंड आहे, त्याचं बघ आधी."

"तवा थंड नाही. तुझी जीभ गरम आहे!"

सगळं तळघर हसायचं. अहाहा, काय दिवस होते ते! पिठाचा धुरळा, कॉफीचा वास, आणि थोराच्या तळहातांखाली मी फिरते आहे.

आता त्या लोकांची एक रीत सांगते. कोणी "कॉफी घे" म्हटलं, की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी "नको, कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि कपभर प्यायची. पहिले दोन नकार शिष्टाचाराचे. तिसरा नकार मात्र खरा. त्यानंतर पुन्हा विचारलं, तर तो त्या माणसाचा अपमान. शेंबड्या पोरांनाही हे तिथे शिकवावं लागत नाही.

थोराची मुलगी जॅनिस अजून लहान होती, तेव्हा एका सकाळी माझ्या उजव्या मुठीवरचा जोर कमी झाला. मला वाटलं, झोप झाली नसेल. पण मग बोटं मुठीभोवती मिटेनात. बोटांचे सांधे सुजून मण्यांसारखे दिसू लागले. संधिवात होता तो. म्हातारपणी येतो तो नव्हे. ऐन तिशीत येऊन घर करणारा, कधी हातांत, कधी पायांत, कधी मानेत हिंडणारा.

तिचा नवरा ऑर्विल तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा चिडलेला मी पाहिला.

"त्याने विचारलं, किती दुखतं? तर तू म्हणालीस, 'तसं बरं आहे'!"

"मग काय म्हणू? बाहेर किती माणसं बसली होती. एकीला तर चालतासुद्धा येत नव्हतं."

"सकाळी तुला तरी कुठे येतं?"

"सकाळचं वेगळं," थोरा म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला उठली. किटली दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून.

दुखण्यासोबत राहायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नाही. ती आपली आपणच शिकली. सकाळी ती हात कोमट पाण्यात बुडवून बसायची. माझ्या मुठींवर तिने जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे मूठ जाड होते आणि बोटं कमी मिटावी लागतात. बऱ्या दिवशी ती चार कामं करायची आणि त्याची शिक्षा पुढचे दोन दिवस भोगायची. वाईट दिवशी एकच बटाटा सोलून व्हायचा आणि मग ती त्या बटाट्याकडे बघत बसायची. एकदा तिने कप भिंतीवर फेकून मारला. नीट फेकताही आला नाही तिला, पायाशीच पडला. मग तिने नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. ऑर्विल बाहेर दाराशी उभा होता. नळ बंद होईपर्यंत तो आत आला नाही. ते लोक प्रेमही असंच करतात, मित्रांनो.

तिच्या झग्याची बटणं ऑर्विल लावायचा. रोज सकाळी, स्वयंपाकघरातच, कारण तिथे शेगडीची ऊब असायची. त्याची जाडजूड, नांगर धरणारी बोटं ती बारीक बटणं शोधायची. तेव्हा तो फक्त हवेबद्दल बोलायचा. "वारा फिरलाय." ती म्हणायची, "हं, उत्तरेचा वाटतो." दुखण्याचा शब्द त्यांनी कधी काढला नाही.

तळघरात जाणं तिने सोडलं नव्हतं. पण एका वर्षी तिच्या पोळ्या फाटायला लागल्या.

"यंदा बटाटे पाणचट आहेत," थोरा म्हणाली.

"हो बाई, फारच पाणचट," सगळ्या म्हणाल्या. बटाट्यांत काही खोट नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. फाटलेल्या पोळ्या आल्मा कोणी पाहायच्या आत घडी करून तळाशी सरकवत होती. पुढच्या वर्षी थोरा गेली नाही आणि मीही स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच राहिले.

मग जॅनिस लग्न होऊन सिअॅटलला गेली. आणि एका मार्चमध्ये ऑर्विल गोठ्याच्या दारात कोसळला, तो गेलाच.

दफन झाल्यानंतरच्या आठवड्यात आल्मा आली. हातात खिमा आणि नूडल्सचं गरम भांडं. ते ठेवून ती म्हणाली, "थोरा, मी रोज सकाळी येत जाऊ का? थोडा वेळ?"

"नको गं. तुझी काय कमी कामं आहेत?"

"रस्ता ओलांडायचा फक्त. येते ना."

"नको, कशाला उगीच."

थोराचा चेहरा मला खिळ्यावरून दिसत होता. ती तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होती. "बरं, ये" हे शब्द तिच्या ओठांवर येऊन बसले होते. तेवढ्यात आल्माला तिच्या स्वेटरखाली उघडी राहिलेली बटणं दिसली. "अगं, हे उघडंच राहिलंय," म्हणत तिने सहज हात पुढे केला. "मी येतेच सकाळी, काय?"

तिथे ऑर्विलचे हात असायचे. थोरा चटका बसल्यासारखी मागे सरली.

"नको! सांगितलं ना, नको!"

तिसरा नको. आल्माचा हात हवेतच राहिला. मग तिने स्कार्फ बांधला, "भांडं सावकाश दे," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. विचारणार कशी? आणि थोरा वाट पाहत राहिली. बटणांचे कपडे घालता येईनात, म्हणून तिने डोक्यातून घालायचा सैल झगा धरला. तो घालून चर्चला कसं जायचं, म्हणून रविवार सुटला. आल्माला वाटलं, आपला राग आला म्हणून ही येत नाही. थोराला वाटलं, आता आपली कोणाला गरज उरली नाही. दोघी आपापल्या खिडकीतून एकमेकींना हात करायच्या. टपाल घेताना भेटल्या तर बर्फाबद्दल बोलायच्या. मधे रुंद रस्तासुद्धा नव्हता हो. अशी वर्षं गेली. दुखण्याने थोराची बोटं वाकवली, पण तिचं मन वाकवलं ते त्या वर्षांनी. ती माझ्याशी बोलायला लागली होती. लाकडाशी माणूस केव्हा बोलतं, हे तुम्हाला सांगायला नको.

एका नोव्हेंबरमध्ये तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बटाटे उकडले आणि मला खिळ्यावरून काढलं. मी तिच्या मनगटांतून निसटले. मला उचलायला ती वाकली आणि माझ्या शेजारी येऊन पडली. उठता येईना. दुपारपर्यंत आम्ही दोघी फरशीवर होतो.

मग दार वाजलं. "मी काही विचारायला आलेले नाही," बाहेरून आल्माचा आवाज. "पडदा उघडला नाहीस आज, म्हणून बघायला आले."

ती आत आली आणि थबकली. "पडलीस?"

"नाही. बसलेय."

"जमिनीवर?"

"मग? माझीच जमीन आहे."

आल्मा गुडघे मोडत शेजारी बसली. तिने थोराचे हात आपल्या मांडीवर घेतले आणि पाहतच राहिली. "देवा! थोरा, हे काय झालंय?"

"तसं बरं आहे. लोकांचं याहून वाईट असतं."

"हवा कशी आहे ते विचारत नाहीये मी! हात आहेत हे तुझे! बोलली का नाहीस?"

"तू परत विचारलंच नाहीस."

"अगं बये! तीनदा विचारलं होतं. तीनदा नको म्हणालीस!"

"तिसरा नको तुला नव्हता."

"मग कोणाला होता?"

"ऑर्विल गेला होता गं," थोरा म्हणाली आणि नळ न सोडता रडली.

तिचे डोळे पुसत आल्मा म्हणाली, "उद्यापासून सकाळी येऊ?"

"नको, तुला उगीच..."

"थोरा!"

"ये. ये बाई."

तो हिवाळा थोराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सण होता. आल्मा रोज यायची, बटणं लावायची, केस विंचरायची, बडबड करायची. आणि थोरा बोलायची. साठलेलं सगळं. रात्री चादरीचंही ओझं कसं होतं, देवाचा राग कसा येतो, बरी माणसं पाहून कसा मत्सर वाटतो. आल्मा ऐकायची. कधी म्हणायची, "देवाला काय, ऐकायची सवय आहे. घाल शिव्या."

पण मी खिळ्यावरून आणखी एक गोष्ट पाहत होते. रस्ता ओलांडून आल्मा आत आली की लगेच स्कार्फ सोडायची नाही. टेबलाची कड धरून उभी राहायची, श्वास जागेवर येईपर्यंत. तिचे ओठ निळसर असायचे. "थंडी मेली!" म्हणायची. थोरा "हो ना" म्हणायची आणि आपलं रात्रीचं दुखणं सांगायला लागायची.

बर्फ वितळायला लागलं, त्या सुमारास एका सकाळी आल्मा आली नाही. तिचा मुलगा आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. आई गेली, हृदय बंद पडलं म्हणाला. थंडीत बाहेर पडू नको, असं डॉक्टरांनी तिला कधीचं बजावलं होतं. ती दारापाशी खुर्चीत बसलेली सापडली. एका पायात बूट घालून झाला होता, दुसरा हातात होता.

मुलगा गेल्यावर थोरा टेबलाची ती कड बघत राहिली. मग रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली, "मी तिला विचारलंच नाही. तीनदा कशाला, एकदासुद्धा नाही."

तो सैल झगा घालूनच ती दफनाला गेली. परत आल्यावर भिंतीवरच्या फोनपाशी उभी राहिली आणि वाकड्या बोटाच्या सांध्याने एकेक आकडा दाबला.

"जॅनिस, मला दुखतंय."

"आई? कुठे दुखतंय?"

"सगळीकडे."

"कधीपासून?"

"तू दुसरीत होतीस तेव्हापासून."

जॅनिस आली आणि तिला घेऊन गेली. सामानात मीही गेले. दुखणं कमी झालं नाही, मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण थोराची शेवटची वर्षं रोज सकाळी मोठ्याने "आज फार दुखतंय" म्हणण्यात गेली आणि जॅनिस ते ऐकायची. आल्माचं नाव मात्र तिने फार कमी वेळा घेतलं. घेतलं की तिला पुढचं बोलता यायचं नाही.

माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणीतरी रोज "बरं आहे" म्हणत असेल. त्याचे शब्द सोडा, हात बघा, श्वास बघा. नको म्हणालं तर रागावू नका, मोजू नका, पुन्हा विचारा. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल तर सांगा. सांगून झालं की समोरच्यालाही विचारा, तुझं कसं आहे. टेबलाची कड धरून उभी असलेली आल्मा मी सगळा हिवाळा पाहिली. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.