भवानीचा एक नंबर

गोविंदामामाच्या गाळ्यात तो कॉम्प्युटरचा डबा पहिल्यांदा आला, तेव्हा आठवड्याभरात सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या. कल्याणच्या फुलबाजारातल्या सात आडत्यांनी मिळून एक सामाईक नोंद ठेवायचं ठरवलं होतं. कुणाचा माल, कुठल्या प्रतीचा, काय भावाने गेला. नोंद सातही गाळ्यांत एकसारखी राहील आणि कुणा एकट्याला ती खोडता येणार नाही. ब्लॉकचेन म्हणतात त्याला. कल्पना मामाच्या भाचीची, वर्तकनगरच्या दिशाची. पण त्या नोंदीचं पुढचं पान कुणी लिहायचं, हे ठरवायला सातही गाळ्यांतले कॉम्प्युटर आकडा ओळखायची शर्यत लावत. करोडो आकडे आंधळेपणाने चाचपायचे, ज्याला आधी सापडेल त्याने पान लिहायचं. नुसती ढोरमेहनत. गाळा असा तापायचा की मामाने विचारलं, "दिशा, फुलं विकायची की भाजायची?" आणि बरोबरच विचारलं त्याने.

दिशा हट्टी पोरगी. तिने शर्यतच बदलून टाकली. आकडे चाचपण्यापेक्षा डब्यांना फुलं ओळखायला शिकू दे, म्हणाली. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्रॅम. वजनकाट्यावर आलेल्या प्रत्येक मालाचा फोटो निघायचा, आडत्या तोंडाने प्रत सांगायचा, एक नंबर की दोन नंबर, आणि त्यावरून डबे शिकायचे. मग कधी न पाहिलेल्या फोटोंवर त्यांची परीक्षा. ज्याची उत्तरं आडत्यांच्या उत्तरांशी जास्त जुळतील त्याने पान लिहायचं, बाकीच्यांनी तपासायचं. गाळा थंड झाला, आणि वीज जाळून निदान काहीतरी विद्या पदरात पडायला लागली. दिवाळीपर्यंत डबे स्वतःच प्रत सांगू लागले. बाजारातली रोजची हुज्जत बंद. दिशाला त्या दिवसांत जमिनीवर पाय ठेवणं अवघड जात होतं, आणि का जाऊ नये?

मग सगुणा आली.

सगुणा मुरबाडकडची. एसटीने यायची, त्यामुळे तिला पोचायला उन्हं वर यायची. तिचा झेंडू म्हणजे टपोरा, घट्ट, हातात घेतला की सोडवत नाही असा. डबे लागल्यापासून त्याला रोज दोन नंबर. सातही डब्यांचं एकमत.

"ताई, काय खोट हाय ती दाखवा," सगुणा दिशाला म्हणाली. "खोट असंल तर मी गप घरी जाते. पन असंच चाललं तर औंदा झेंडू मोडून टाकीन म्हणते मी."

दिशाने झेंडू उलटापालटा करून पाहिला. खोट असती तर तिला बरंच वाटलं असतं. मग तिने डब्याने फोटोत नेमकं कुठे पाहिलं ते स्क्रीनवर काढलं. डबा फुलांकडे बघतच नव्हता. तो बघत होता काट्याच्या परातीच्या कडेकडे.

तिथे काय असतं? पहाटे मामा काट्याला हळदकुंकवाची बोटं ओढायचा. सातही गाळ्यांत ओढत. आणि भवानीच्या, म्हणजे दिवसातल्या पहिल्या विक्रीच्या मालाला, तो कसाही असो, आडत्या मोठ्याने "एक नंबर" म्हणायचा. पहिल्याच मालाला वाईट बोललं तर लक्ष्मी रुसते. चारदोन पोती उतरली की कुंकू पुसलं जायचं, सगुणा येईपर्यंत ते उरायचंच नाही. डब्यांना ही रीत कोण सांगणार? त्यांनी आपल्यापुरता हिशेब लावला, कुंकू म्हणजे एक नंबर, कुंकू नाही म्हणजे दोन. परीक्षेतली उत्तरंही याच आडत्यांची, तेव्हा ज्या डब्याने कुंकू नीट ओळखलं तोच पहिला येत गेला.

दिशाने कुंकवाचं बोट परातीला लावलं आणि सगुणाची तीच फुलं पुन्हा ठेवली. एक नंबर. सातही डबे.

"मग कुंकू लावायचं बंद करू," मामा म्हणाला.

"मामा, उत्तरंच खोटी आहेत रे. कुंकू काढलंस तर ते दुसरं काहीतरी शोधतील. ती आकड्यांची शर्यत आंधळी होती, पण ती कुणाचं मन राखायला शिकत नव्हती. भवानीचे सगळे निकाल शिकवणीतून काढावे लागतील. आणि मला एकटीला ते काढता येत नाहीत, तुम्ही सातांनी चारचौघांत सांगायला हवं की ते खरे नव्हते."

मामा सुतळी गुंडाळू लागला. "तानाजीसमोर?"

मामाची भवानी व्हायची ती तानाजीच्या मालावर. दोघं एकाच गावचे, एका बाकावर शिकलेले. तानाजी अंधारात टेम्पो घेऊन पहिला हजर व्हायचा, आणि माझ्या झेंडूला आजवर दोन नंबर लागलेला नाही, असं सगळ्या बाजाराला ऐकवायचा.

दुपारी बाजार ओसरल्यावर सातही आडते मामाच्या गाळ्यात जमले. सगुणा दाराशी बसली होती. तानाजी नेहमीसारखा चहाला थांबला होता. दिशाने सगळं सांगितलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि जो तो दुसऱ्याकडे बघत होता. दिशाला संताप आला. मग मामाकडे बघून तिला त्याची दयाही आली.

"मी भवानीला माल बघत नाही," मामा शेवटी म्हणाला. "न बघताच एक नंबर म्हणतो. कधीपासून म्हणतो." मग एकेक करून बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

तानाजीने अर्धा चहा खाली ठेवला आणि तो निघून गेला. सगुणाला न्याय मिळाला होता, पण दिशाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तानाजी आला नाही. मामाने भवानी दुसऱ्याच कुणाच्या शेवंतीवर केली आणि तो सारखा रस्त्याकडे बघत राहिला. उन्हं वर आली, तशी सगुणा आली. मामाने स्वतः तिचा झेंडू हातात घेतला आणि एक नंबर सांगितला. ती हसली आणि पदराने तोंड पुसत बाजूला झाली. तिच्या मागे पोतं घेऊन तानाजी उभा होता. त्याचा टेम्पो पहाटेपासून बाजाराच्या मागच्या बाजूला लागलेला होता, हे हमालाने नंतर सांगितलं.

तानाजीने पोतं परातीत रिकामं केलं. "भवानी झाली ना तुझी? आता सांग."

मामाने एक फूल उचललं. ठेवलं. दुसरं उचललं. दिशाला बघवेना, तिने मान खाली घातली.

"दोन," मामा म्हणाला. "देठ काळे पडतायत तुझ्या फुलांचे. पाणी जास्त होतंय. पहिल्यापासूनच जास्त होतंय."

तानाजी काट्यापाशी उकिडवा बसला. एक देठ त्याने नखाने सोलून पाहिला, दुसराही पाहिला.

"एवढंच होतं होय," तो म्हणाला. "हे तू मला तरुणपणी सांगायचं होतंस, गोविंदा."