खालची अक्षरं

मला ऐकू येत नाही, हे कंपनीत कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मागच्या दिवाळीआधी आमच्यातल्याच कासुर्डीच्या पोपटरावांचे कान तपासले आणि कंत्राटदारानं त्यांना घरचा रस्ता दाखवला. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं, देव जाणे. तेव्हापासून मी सणसवाडीच्या त्या गेटातून आत शिरताना रोज भ्यायचो. माझी पोरगी मोनाली शिरूरच्या कॉलेजात शिकत होती आणि घरात कमावणारा मी एकटा.

आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशिनींचा एवढा दणदणाट असतो, की तिथं तोंडाचं कामच नाही. एकानं हात वर केला की शेजाऱ्यानं करायचा, मग त्याच्या शेजाऱ्यानं, आणि ओळीतल्या सगळ्या मशिनी बंद. त्यामुळे कामावर माझं बिंग फुटत नव्हतं. बाहेर मात्र लोक हसले की हसायचं, बोलले की मान हलवायची. सुरेखा, माझी बायको, रोज डबा हातात देताना बजावायची, "नुसतं व्हय व्हय करू नका. आदी समोरच्याचं तोंड बघा."

मग कंपनीत इंटरनेट आलं आणि पुण्याचे एक साहेब सेफ्टीचा व्हिडिओ दाखवायला आले. आम्ही प्रेसवाले पुढच्या रांगेत, पॅकिंगवाले मागं. भिंतीवर चित्र उमटलं आणि बघतो तर खाली मराठीत अक्षरं! माणूस बोलेल ते लिहून येत होतं. कैक वर्षांनी मला कुणाचं तरी बोलणं शब्द न् शब्द कळत होतं. मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

ते सुख नेटसारखंच निघालं, मध्येच अडकलं. साहेब कम्प्युटरपाशी गेले, कसलं तरी बटण दाबलं आणि अक्षरं गेली. अक्षरांमागं मशीनवरचे हात झाकले जात होते म्हणे, आणि मराठीच बोलतोय तर लिहायचं कशाला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसता हलणारा जबडा बघत राहिलो. आता प्रश्न विचारणार, हे ठरलेलंच होतं.

व्हिडिओ संपला. साहेब आमच्याकडे वळून काहीतरी बोलले, पण त्यांचं तोंड मिशीआड होतं. मी घाबरून शेजारी बसलेल्या बाळासोकडे बघितलं. त्याचा हात वर गेला. सवयीनं माझाही गेला, माझ्या पलीकडच्याचा गेला, बघता बघता सगळी रांग हात वर करून बसली.

साहेबांचा चेहराच उतरला. मागं पॅकिंगवाल्यांचा एकही हात वर नव्हता. आणि बाळासो तर निवांत डोकं खाजवत होता.

साहेबांनी कानाला बोट लावलं आणि सावकाश, तोंड मोठं करून पुन्हा विचारलं. या वेळी मी ओठ वाचले. "कमी ऐकू येतं? एवढ्या सगळ्यांना?"

पोपटराव आठवले, मोनाली आठवली. हात खाली घ्यायचा, हसायचं, चुकून झालं म्हणायचं, एवढंच करायचं होतं. मी हात अर्धा खाली आणलाही. तेवढ्यात बाळासोनं डोकं खाजवणं थांबवलं, साहेबांच्या कानावरच्या बोटाकडे बघितलं, आणि हात पुन्हा वर केला, या वेळी सरळ. अकरा वर्षं मी त्याचं बघून मान हलवत होतो. तो बहुधा माझं बघून हलवत होता.

तो माझ्याकडे वळला. त्याचे ओठ हलले.

"चांगदेव, ऱ्हाऊ दे वर."

मी हात वर नेला. रांगेतल्या कुणीच हात खाली घेतला नाही. साहेब कम्प्युटरपाशी गेले आणि अक्षरं परत चालू केली. मग ते माइकमध्ये काहीतरी बोलले आणि त्यांचं बोलणंही भिंतीवर लिहून आलं. नोकरी राहिली की गेली, ते वाचायची माझी छाती झाली नाही.