महामायाच्या नळ्या

लोणारच्या सरोवरात सापडणाऱ्या एका जिवाणूचं प्रथिन स्फटिकरूपात आणायचा पुष्पांजली तीन वर्षं प्रयत्न करत होती. धड स्फटिक मिळाला, तर इंदूरच्या संशोधन केंद्रात क्ष-किरणांखाली त्याची रचना कळणार होती. गावातल्या छोट्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. तास संपले की प्रयोगशाळेत काचेवर प्रथिनाचे थेंब लटकवून वाट बघायची. थेंब नुसते गढूळ व्हायचे.

जानेवारीत हिवरा आश्रम गावची महामाया तिच्या हाताखाली संशोधनाला आली. दोन महिने थेंबांचे हाल बघून ती म्हणाली, "मॅडम, बारीक नळी घेऊन पाहू का?"

"पाहा," पुष्पांजली म्हणाली. यातून काही निघेल असं तिला वाटत नव्हतं.

महामायाने केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांत प्रथिन भरलं, वरची टोकं मेणाने बंद केली आणि खालची अगरच्या जेलीत खुपसली. जेलीवर मिठाचं तीव्र द्रावण ओतलं. मीठ जेलीतून झिरपत नळीत शिरणार, हळूहळू वर चढणार आणि वाटेत कुठेतरी प्रमाण नेमकं जमणार, असा हिशेब होता. डबा थंड कपाटात ठेवून ती म्हणाली, "आता हलवायचं नाही, बस."

एकोणिसाव्या दिवशी तिने हाक मारली. "मॅडम, या नं! दिसून राह्यला!"

पुष्पांजलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नळीच्या तळाशी गढूळपणा, वर बारीक सुया आणि त्याहून वर तीन स्वच्छ, सहा बाजूंचे स्फटिक. "छान," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

प्राचार्य बघायला आले. "तीन वर्षांत झालं नाही, ते पोरीनं तीन आठवड्यांत केलं!" पुष्पांजली शेजारीच उभी होती.

त्या शुक्रवारी महामाया घरी निघाली. "कपाटाची चावी तुमच्यापाशी ठेवते, मॅडम. लक्ष ठेवजा."

शनिवारी दुपारी पुष्पांजलीने डबा बाहेर काढला. स्फटिक पुन्हा पाहिले. मग डबा पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, दार ओढलं आणि निघून गेली. एप्रिलचं ऊन होतं. विसरले, असं तिने स्वतःला वाटेत दोनदा सांगितलं. रात्री उशिरा परत जाऊन तिने डबा कपाटात ठेवला.

सोमवारी सगळ्या नळ्या उकडलेल्या अंड्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"मीच कुठं चुकली असन," महामाया म्हणाली आणि वही काढून एकेक पायरी तपासू लागली. मंगळवारीही तपासतच होती. पुष्पांजलीला ते बघवेना.

बुधवारी तिने सांगून टाकलं. "डबा मी उन्हात ठेवला होता."

"काऊन, मॅडम?"

"तुझा हेवा वाटला."

महामायाने वही मिटली. म्हणाली, "दोन दिवस मी सोताले दोष देऊन राह्यली होती. तुम्ही पाहत होत्या." तिने हात पुढे केला. पुष्पांजलीने चावी दिली, आणि त्याच दुपारी प्राचार्यांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. प्रयोगशाळेची जबाबदारी तिच्याकडून गेली.

महामायाने पुन्हा चाळीस नळ्या भरल्या. बाविसाव्या दिवशी स्फटिक आले. इंदूरला ती एकटीच गेली. काम जमल्याचा तिचा फोन प्राचार्यांना आला. पुष्पांजलीला बातमी शिपायाकडून कळली.

महामाया परतल्यावर स्टाफरूममध्ये लॅपटॉपभोवती घोळका जमला. पुष्पांजली तास संपवून आली आणि घोळका पांगेपर्यंत दारातच थांबली.

"मला दाखवशील?"

महामायाने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. करड्या चौकोनात स्फटिकातून गेलेल्या क्ष-किरणांचे शेकडो काळे ठिपके वर्तुळांत मांडल्यासारखे पसरले होते. ते बघताना पुष्पांजलीला पुन्हा तोच हेवा वाटला. हे माझ्या हातून व्हायला हवं होतं.

"कडेपर्यंत ठिपके आहेत," ती म्हणाली. "किती बारीक तपशील मिळाला?"

"दोन अँगस्ट्रॉम."

"फारच चांगलं आहे, महामाया."

"हाव," महामाया म्हणाली आणि पुढचं चित्र उघडलं.