तारेने आवळलेलं कडं

मित्रांनो, मी एक जुनं जीवरक्षक कडं आहे. बोटीच्या कठड्याला टांगलेलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, बुडणाऱ्याकडे फेकायचं गोल कडं, तेच मी. सध्या बंदरालगतच्या छोट्या सागरी संग्रहालयात माझा मुक्काम आहे. एका बाजूला गंजका नांगर, दुसऱ्या बाजूला काटा हरवलेलं होकायंत्र. माझ्याखाली पाटी आहे, 'या कड्याने अनेकांचे प्राण वाचवले.' लोक ती वाचून भारावतात. मला हसू येतं, कारण मी आजवर पाण्याला शिवलेलो नाही.

बुचाचे तुकडे जोडून, वर जाड कापड शिवून एका कारागिराने मला घडवलं. शेवटचा टाका घालून तो म्हणाला, "जा, कुणाच्या तरी कामी ये." मी खुळा, ते मनावर घेतलं.

खाडीपार उतारू नेणाऱ्या बोटीवर माझी नेमणूक झाली. आधीचं कडं धक्क्यावरच्या पोरांनी पोहायला पळवलं होतं, आणि कडं नसलं की तपासनीस बोट सोडू देत नसे. म्हणून कप्तानाने इंजिनवाल्याला फर्मावलं, "याला तारेने असं आवळ, की कुणाच्या बापाला सुटू नये."

"अहो, पण वेळ आली तर?"

"तुझ्या खिशात पक्कड असतेच की!"

इंजिनवाल्याला ते पटलं. त्याने तारेला दुहेरी पीळ दिला आणि उतारूंच्या हाताला टोचू नयेत म्हणून टोकं आत वळवली. भला माणूस होता तो.

पुढे माझे भारी लाड झाले. दर हंगामात नवा रंग, रोज फडकं. तपासनीस टिचकी मारून म्हणायचा, "निगा राखावी तर अशी!" ओढून मात्र त्याने कधी पाहिलं नाही.

मग एका दुपारी, उतारूंना सोडून रिकामी बोट परतत असताना, खाडीच्या मध्यावर तिच्या पंख्यात दोरी अडकली. ती काढायला वाकलेला इंजिनवाला पाण्यात पडला. त्याला पोहता येत नव्हतं. कप्तान माझ्याकडे झेपावला. कठड्याला पाय लावून त्याने मला दोन्ही हातांनी ओढलं, त्याची नखं उलटली, पण पीळ पक्का होता. पक्कड बुडणाऱ्याच्या खिशात होती. तो माझ्याकडे बघत "कडं... कडं..." म्हणत राहिला, आणि मी नव्या रंगात चकचकीत, जागच्या जागी. मला आजही त्याची लाज वाटते.

बोट भंगारात निघाली तेव्हा कप्तानाने मला कठड्याच्या तुकड्यासकट कापून इथे आणलं. तार सोडवणं त्याच्या जिवावर आलं असावं. तोही इथेच रखवालदार झाला आणि पाहुण्यांना माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू लागला.

परवा एक म्हातारी नातीला घेऊन आली. नातीला माझ्यात डोकं घालून फोटो हवा होता. तिने मला ओढलं. "आजी, हे निघतच नाही गं!"

आजी वाकली. रंगाखालच्या तारेवरून तिने अंगठा फिरवला आणि आत वळलेल्या टोकांपाशी तो थांबला. "आपल्या बादलीच्या कडीला असाच पीळ आहे बघ," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या हातचा."

कप्तान मागेच उभा होता. तिने वळून विचारलं, "भावजी, हा पीळ तर सुटलेलाच नाही. मग तुम्ही फेकलंत काय? घरी येऊन म्हणालात, वहिनी, कडं फेकलं होतं, त्यानेच हात पुढे केला नाही."

"आता उगाळून काय मिळणार, वहिनी? गेलेला माणूस परत येतो का?"

"नाही येत. पण त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. पुन्हा तोंड दाखवू नका, असं म्हटलं होतं मी. माझ्यावरच्या रागाने यांनी जीव दिला, असंच समजत आले मी आजवर."

कप्तानाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बंद करायची वेळ झाली," तो म्हणाला.

आजीने पदराने माझा पीळ पुसला आणि नातीचा हात धरून ती गेली.

दुसऱ्या दिवशी कप्तान पक्कड घेऊन आला. कट्, कट्. इतकंच. मी अलगद त्याच्या हातात आलो. इतकं सोपं होतं ते! त्याने तारेचे तुकडे खिशात घातले, मला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. पाटी तीच आहे.

मित्रांनो, बोटीवर कुठे माझा एखादा भाऊबंद टांगलेला दिसला, तर त्याच्या रंगाचं कौतुक करू नका. हात घाला आणि त्याला एकदा ओढून बघा.