ग्रहण सुटायच्या आधी

दिवाळीतल्या त्या मंगळवारी सूर्यग्रहण होतं, आणि वाडीतली पोरं सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. शेजारच्या ग्लिनिस टीचरने ग्रहण बघायचे काळे चष्मे मागवले होते. संध्याकाळी सगळ्यांनी तिच्या खळ्यात, घरासमोरच्या अंगणात, जमायचं होतं.

किशोरीलाही जायचं होतं. पण तिला नववा महिना लागला होता, आणि घरात शब्द चाले तो आनंदीआत्येचा, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आत्याचा. पोटुशीने ग्रहणात बाहेर पडायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं आत्येने चार दिवस आधीच बजावलं होतं. ग्रहणात काही कापलं तर पोराचा ओठ कापलेला येतो, असं ती म्हणे, आणि म्हणताना सावित्रीकडे बघे.

सावित्री ही किशोरीची सासू. तिचा मुलगा ओमकार दुभंगलेला ओठ घेऊन जन्मला होता. लहानपणीच ऑपरेशन झालं, आता मिशीखाली बारीकसा व्रण तेवढा राहिला होता. पण तो पोटात असताना सावित्रीने ग्रहणात मासे कापले, असं आत्येने वाडीभर सांगून ठेवलं होतं. सावित्री त्यावर कधी चकार शब्द बोलली नव्हती.

दुपारनंतर किशोरीला माजघरात बसवलं. खिडकीला चादर बांधली. सकाळपासून तिची कंबर दुखत होती, पण बसून बसून अवघडली असेल असं तिला वाटलं. मग शेजारून पोरांचा गलका उठला. सूर्याचा तुकडा खरोखर उडाला होता. किशोरीला राहवेना. निदान पोरांची तोंडं तरी बघू, म्हणून ती चादरीचं टोक वर करायला उठली, आणि उभ्या उभ्याच तिचं पाणी गेलं.

तिची हाक ऐकून दोघी धावत आल्या. आत्ये दारातच आडवी उभी राहिली. ग्रहण सुटायला कितीसा वेळ, सूर्य बुडाला की आंघोळ घालून न्या, पहिलटकरणीला वेळ लागतोच, असं ती सांगू लागली. एवढ्यात किशोरीला कळ आली. ती भिंतीला धरून खाली वाकली.

सावित्रीने तिला सावरलं. मग नणंदेकडे वळून शांतपणे म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी मी सुरीक हात लावूक नाय. तुम्ही सांगलास तशी काळोखात पडून रवलंय. पाण्याचो थेंब पिऊक नाय. तरी माझ्या झिलाचो ओठ तसो इलो. तुमच्या तोंडातून इतकी वर्सा आयकलंय, आता आयकूचंय नाय. बाजूक व्हा."

आत्येने दाराच्या चौकटीवरचा हात काढला. ती बाजूला झाली.

सावित्रीची हाक येताच ग्लिनिसने चष्मा तिथेच टाकून गाडी काढली. पोरं रस्त्यापर्यंत मागे धावली. उतरत्या उन्हाला ग्रहणाने काहीतरी वेगळाच रंग आणला होता, काजूंच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या, आणि गाडी कुडाळच्या दिशेने सुसाट निघाली होती. वाटेत ग्लिनिसने ओमकारला फोन लावून दिला. तो कुडाळच्या एमआयडीसीत कामाला होता. तिथून परस्पर येतो म्हणाला. कळा जवळजवळ येऊ लागल्या. किशोरी घाबरली होती, तरी मधेच तिला हसूही येत होतं, इतकी तिला बाळाची घाई झाली होती. एका वळणावर तिच्या पोटावर ऊन आलं आणि तिने पटकन पदर ओढला.

सावित्रीने तिचा हात धरला. "ऱ्हवांदे गो. पोर जसा येतला तसा येवंदे. काय झाला तरी तुझो दोष नाय."

किशोरीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. पदर सुटला, तो तिने परत ओढला नाही.

हॉस्पिटलात शुकशुकाट होता. नर्स म्हणाली, आज दुपारपासून कुणी फिरकलंच नाही. तिने किशोरीला तपासलं आणि धावतच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आत्ये म्हणाली होती तसा वेळबिळ काही लागला नाही. ओमकार हेल्मेट हातात घेऊन जिना चढत होता, तेवढ्यात आतून रडण्याचा असा आवाज आला की ग्लिनिसने छातीवर क्रॉसची खूण केली आणि सावित्री दाराकडे धावली.

मुलगी होती. गुटगुटीत, लालभडक, ओठ अख्खे, आणि ते मिटायचं नावच घेत नव्हती. ओमकारने तिला घेतलं आणि तिच्या ओठांवरून हलकेच बोट फिरवलं. बाहेर सूर्य अजून बुडायचा होता.

अंधार पडायला लागला आणि हॉस्पिटलासमोर एकामागून एक रिक्षा यायला लागल्या. ग्रहण सुटायची वाट बघत घरी थांबलेल्या बायका होत्या त्या. कुणी ओल्या केसांनी, नुकती आंघोळ घातलेली, कुणी कळा सोसत. नर्सची धांदल उडाली. त्यातली एक पोरसवदा सून बाकावर कण्हत होती, आणि तिची सासू बाजूला देव आठवत बसली होती. सावित्रीच्या मांडीवरचं बाळ बघून त्या सासूने हळूच विचारलं, कधी झालं म्हणून.

"गिराणात, सूर्य बुडूच्या आदी," सावित्री म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

त्या बाईने एकदा आपल्या कण्हणाऱ्या सुनेकडे बघितलं. मग थोडं सरकून जवळ आली, आणि बाळाला बघायला तिने दोन्ही हात पुढे केले.