एक वाकलेली पिन

मास्तरांनी आयुष्यभर एकच गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती. बोर्डाने मशीन पळत नाही. पळतं ते प्रोसेसरच्या जोरावर, आणि मेमरी पुरेशी असेल तर न अडखळता. बोर्ड म्हणजे हे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी; तिने फक्त आडवं येऊ नये, एवढंच तिचं काम. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना त्यांनी महागडा बोर्ड मागायला आलेली किती गिऱ्हाइकं साध्या बोर्डावर परत पाठवली असतील, देव जाणे. हाताखाली शिकून गेलेली मंडळीही पुढे हेच वाक्य आपापल्या दुकानात ऐकवत राहिली.

आणि आज, दुकान बंद करून तीन वर्षं झाल्यावर, हेच मास्तर जेवताना मुलाला सांगत होते, "अरे, बोर्डाने फार फरक पडतो. सूनबाईच्या मशीनला घातलेला हा नवा बोर्डच फसवा निघाला."

बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हीच तर उलटं सांगायचात," मुलगा म्हणाला. तो गोदामातली पहाटेची पाळी संपवून आला होता, आणि जेवता जेवताच त्याचे डोळे मिटत होते.

"ते जुने बोर्ड वेगळे होते."

"मग मला काढून द्या तो. संध्याकाळी नेऊन बारक्याच्या टेबलावर आपटतो. स्वतःच्या मास्तरांना खराब माल देतो म्हणजे काय!"

सुनेने पाण्याचा तांब्या सासऱ्यांच्या जवळ सरकवला, ताट उचललं आणि आपल्या खोलीत कामाला गेली.

बारक्या म्हणजे मास्तरांचा पहिला चेला. नाव बारक्या, आणि आता दुकानाच्या दारातून आडवा होऊन आत शिरतो. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसेना म्हणून बोर्डही बदलावा लागला, तेव्हा मास्तरांनी तो त्याच्याकडूनच आणवला होता. मास्तरांना भीती बारक्याच्या रागाची नव्हती. तो बोर्ड तपासेल, एका नजरेत काय ते ओळखेल आणि मास्तरांची अब्रू राखण्यासाठी मुकाट्याने 'माल खराब होता' म्हणून मान्य करेल, याची होती. ज्याला आपण इमानदारी शिकवली, त्याच्यावर आपण आपल्या चुकीचं खापर फोडणार, आणि तो ते फोडून घेणार.

चूक काय झाली होती ते मास्तरांना पंधरा दिवस पक्कं ठाऊक होतं. बोर्डावर प्रोसेसरची चौकोनी बैठक असते. तिच्यात हजाराच्या वर पिना, केसापेक्षा नाजूक. प्रोसेसर तिच्यावर अलगद, सरळ ठेवायचा, बस्स. मास्तरांनी हे काम हजारो वेळा केलं होतं, गप्पा मारत मारत. पण गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा सांडायला नको म्हणून ते अर्धाच कप मागायचे आणि विचारलं तर पित्ताचं कारण सांगायचे. मुलगा म्हणाला होता, मशीन बारक्याकडेच देऊ. "माझ्या घरातलं मशीन दुसऱ्याने उघडायचं?" मास्तर कडाडले होते. मग स्वतः बसले, आणि ऐन वेळी प्रोसेसर बोटांतून निसटून कोपऱ्यावर पडला. एक पिन कलली. ती त्यांनी पाहिली. पाहून न पाहिल्यासारखं केलं, प्रोसेसर बसवला आणि वरचा दांडा दाबला.

मशीन चालू झालं, हीच मोठी फसगत. बंद राहिलं असतं तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. मेमरी बत्तीस जीबी घातली होती, दिसत होती सोळा. त्या पिनेच्या वाटेवरची अर्धी मेमरी मशीनला सापडतच नव्हती. "झालं गं!" असं म्हणून मास्तरांनी घाईघाईने झाकण लावलं होतं.

सून घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. सध्या एका मोठ्या इस्पितळाचं काम होतं. सगळे मजले एकत्र उघडायचे तर जुनं मशीन मेटाकुटीला यायचं, म्हणून तर हा सगळा घाट. आता नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, आणि ताटकळणं जुनंच. ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत नकाशे आले नाहीत तर पुढची इमारत दुसऱ्या कोणाला. आज बुधवार होता. "कसं चाललंय?" असं मास्तरांनी विचारलं की ती म्हणायची, "छान चाललंय, बाबा." पण पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या मास्तरांना माउसची टकटक ऐकू यायची. एक टक, मग लांबलचक शांतता, त्या शांततेत स्वयंपाकघरात दोन भांडी घासल्याचा आवाज, मग पुन्हा टक. मशीन कसं चाललंय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मुलगा बाहेरच्या खोलीत झोपल्यावर मास्तर उठले. सुनेच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. जिवावर आलं होतं.

"बोर्ड चांगला आहे," ते एकदम म्हणाले. "पिन वाकली आहे. माझ्या हातून. त्याच दिवशी."

सुनेने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "मेमरी सोळाच दिसतेय, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही सांगाल."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "सरळ करता येईल. नाही झाली तर तुटेल, आणि बोर्ड कामातून जाईल. मला नाही जमायचं. तू करशील?"

तिने घड्याळाकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई आणली. मास्तर सांगत गेले, ती करत गेली. वायर काढ. हात आधी लोखंडाला लाव, अंगातली वीज उतरू दे. पंखा सोडव. पांढरी पेस्ट पूस. दांडा उचल. प्रोसेसर कडांनी धर. मग तिने मास्तरांचं दुकानातलं स्टँडचं भिंग बैठकीवर आणलं आणि मास्तरांनी टॉर्च धरली. उजेड पिनांवर नुसता नाचत होता.

"बाबा, टॉर्च पुस्तकांवर ठेवा."

त्यांनी ठेवली. आता त्यांच्याकडे बोलण्यापलीकडे काहीच उरलं नाही. "डावीकडून तिसरी ओळ. शेजारणीच्या अंगावर रेललेली दिसते? खालून उचल. एका दमात नको. थोडी. थांब. अजून थोडी."

नकाशातल्या रेघा ओढून तयार झालेला तिचा हात जराही हलला नाही. सगळं परत बसवून मशीन लावलं, तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. बत्तीस. इस्पितळाचे सगळे मजले ती खुर्ची पुढे ओढेपर्यंत उघडले.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पुन्हा मशीनला हात लावू दिला असतास?"

सून दमली होती. गोड बोलायलाही ताकद लागते. "नाही," ती म्हणाली. "नसता लावू दिला."

मास्तरांना ते लागलं. तरी पंधरा दिवसांत पहिल्यांदाच या घरात कोणीतरी त्यांच्याशी खरं बोललं होतं, आणि त्यांना हायसंही वाटलं. ते निमूटपणे आपल्या खोलीत जाऊन पडले. टक, टक, टक, भिंतीपलीकडून आवाज येत राहिला.

संध्याकाळी मुलगा डोळे चोळत उठला. "कुठे आहे तो बोर्ड? देऊन येतो बारक्याला."

"बोर्ड उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "बोर्डाने काही बिघडलं नव्हतं. माझ्या हाताने बिघडलं."

सुनेने चहा आणला, नेहमीसारखा त्यांच्यापुरता अर्धा.

"पूर्ण भर," मास्तर म्हणाले, आणि दोघांच्या देखत त्यांनी तो कप दोन्ही हातांनी धरला.